रशियन शिकताना मराठी घरी ठेवू नका

ताई, नमस्कार. मी एकतीस वर्षांची आहे, कर्वेनगरला राहते आणि येरवड्यातल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते. आजोबांनी प्रदर्शनांतून आणलेल्या रशियन गोष्टींच्या मराठी पुस्तकांवर माझं लहानपण गेलं. त्या गोष्टी कधीतरी मुळातून वाचाव्यात म्हणून गेल्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात रशियनचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला. मार्क चांगले पडले. आता पुढच्या वर्षाला आहे आणि गाडी अडली आहे. लिपी वाचता येते, सहाही विभक्तींचे तक्ते पाठ आहेत. पुस्तक इंग्रजीतून असल्यामुळे वहीत सगळ्या शब्दांचे अर्थ इंग्रजीत नीट लिहिलेले आहेत. पण बोलायला तोंड उघडलं की प्रत्येक शब्दाचा शेवट जुळवेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. रशियन ऐकायला लागले तर ओळखीचे शब्दही कळत नाहीत. ‘जाणे’साठी इतकी क्रियापदं कशाला, हे तर अजून उमगलेलं नाही. वर्गातले निम्मे लोक सोडून गेले. आई म्हणते, एवढा जीव कशाला काढतेस, कुठे रशियाला जायचंय? रोज तासभरच वेळ मिळतो. पहिल्या पुस्तकापासून पुन्हा सुरुवात करू, काही महिने थांबू, की सोडून देऊ? आणि यंदाची परीक्षा द्यावी का?
– एक वाचक, कर्वेनगर

नमस्कार.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नका आणि थांबूही नका. पहिलं पुस्तक तुम्हाला येतं. ते परत उघडलंत तर पंधरा दिवस सगळं सोपं वाटेल, आणि मग तुम्ही याच जागी येऊन याच कारणाने अडाल. तुमचा अभ्यास कमी पडलेला नाही. अडचण कुठे आहे ते तुम्हीच पत्रात सांगितलं आहे, सहज, जाता जाता: अर्थ इंग्रजीत लिहिलेले आहेत. मनात वाक्य येतं मराठीत. त्याचं तुम्ही इंग्रजी करता. मग त्या इंग्रजीचं रशियन करायला बसता आणि तक्ता आठवायला लागता. हा मधला मुक्काम काढून टाका. माझा सगळा सल्ला याभोवतीच आहे.

रशियन आणि मराठी या दोन्ही भाषा अर्थाचा मोठा भाग शब्दाच्या शेवटात ठेवतात. इंग्रजीत हे शेवट जवळजवळ झडून गेले आहेत, म्हणून इंग्रजी वाचकासाठी लिहिलेलं पुस्तक विभक्तीपाशी आलं की घाबरतं आणि तुम्हालाही घाबरवतं. तुम्ही शाळेत ‘स, ला, ते’ घोकलेलं आहे. आणि घोकण्याच्या कितीतरी आधीपासून ‘भावाला’, ‘भावाने’, ‘भावाचा’ बिनचूक बोलत होता. इंटरनेटवर तुम्ही रशियनला लागणाऱ्या ११०० तासिकांचा आकडा पाहिला असेल. तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा आहे आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना समोर ठेवून काढलेला आहे. तुमची सुरुवात तिथून होत नाही.

तीन लिंगं घ्या. तो आला, ती आली, ते आलं. रशियनमध्ये प्रिशोल, प्रिश्ला, प्रिश्लो. भूतकाळात क्रियापदाने कर्त्याचं लिंग दाखवायचं, हे इंग्रजी वाचकाला पानभर समजावून सांगावं लागतं. तुम्हाला ते एका ओळीत कळायला हवं होतं. उलट लिंग ओळखणं रशियनमध्ये मराठीपेक्षा सोपं आहे: शब्द व्यंजनाने संपला तर बहुधा पुल्लिंगी, ‘आ’ने संपला तर स्त्रीलिंगी, ‘ओ’ने संपला तर नपुंसकलिंगी. मृदुचिन्हाने, म्हणजे व्यंजन मऊ करणाऱ्या ‘ь’ या खुणेने संपणारे शब्द तेवढे एकेक करून लक्षात ठेवावे लागतात. मराठीत ‘भिंत’ स्त्रीलिंगी का आणि ‘दार’ नपुंसकलिंगी का, हे शब्दाकडे बघून कुणालाही सांगता येत नाही, तरी आपण चुकत नाही.

आता ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं बघा. मला थंडी वाजते: म्न्ये खोलदना. मला आवडतं: म्न्ये न्रावित्सा. मला जायला हवं: म्न्ये नादा इत्ती. मला एकतीस वर्षं झाली: म्न्ये त्रीत्सत अदीन गोत. चारही वाक्यांत माणूस चतुर्थीत आहे, अगदी आपल्यासारखा, कारण थंडी काय, आवड काय, वय काय, माणूस ते करत नाही, त्याला ते होतं. इंग्रजीतून गेलात तर चारही ठिकाणी ‘मी’ कर्ता होतो आणि तो तुम्हाला परत चतुर्थीत नेऊन बसवावा लागतो. तसंच ‘माझ्याकडे आहे’. रशियन माणूसही ‘उ मिन्या येस्त’ म्हणतो, म्हणजे ‘माझ्यापाशी आहे’. रोजच्या बोलण्यातली किती वाक्यं या दोन साच्यांत बसतात, ते एक दिवस स्वतःचंच बोलणं ऐकून मोजा.

वर्गात सर्रास होणारी एक चूक सांगते. ‘मी पेनने लिहिते’ हे रशियनमध्ये ‘या पिशू रूच्कय’. नुसती तृतीया, पुढे शब्दयोगी काही नाही. पण इंग्रजीतला ‘विथ’ डोक्यात असला की मुलं ‘स रूच्कय’ म्हणतात. त्याचा अर्थ होतो पेनाला सोबत घेऊन. ‘स’ लागतो तो ‘भावाबरोबर’ म्हणताना: स ब्रातम. मराठीत ‘पेनने’ आणि ‘भावाबरोबर’ हे वेगळेच आहेत, आपला घोटाळा होण्याचं कारणच नाही. आणखी एक: ‘मी टेबल बघते’ पण ‘मी भावाला बघते’. सजीव कर्म असेल तर आपण ‘ला’ लावतो. रशियनमध्येही पुल्लिंगी नामाची द्वितीया निर्जीवाला प्रथमेसारखी आणि सजीवाला षष्ठीसारखी असते: वीझू स्तोल, पण वीझू ब्राता. पुस्तकात हा नियम चौकटीत छापलेला असतो. तुमच्या जिभेवर तो आधीपासून आहे. एवढंच लक्षात ठेवा, की आपण ‘घोडा घेतला’ असंही म्हणतो. रशियनमध्ये जनावरंही सजीवांतच धरायची.

तेव्हा पहिलं काम वहीचं. नवी वही घ्या आणि एकट्या शब्दाऐवजी अख्खं वाक्य लिहा, समोर मराठीत, आणि तेही तुम्ही घरात बोलता तसल्या मराठीत. ‘पुण्यात राहते’, ‘पुण्याला चाललेय’, ‘पुण्याहून आले’. रशियनमध्ये फ पून्ये, फ पूनू, इस पूनी. तक्ता फाडून टाका असं मी म्हणत नाही, अडलं की बघायला तो हवाच. पण बोलताना तक्ता आठवायचा नसतो, वाक्य आठवायचं असतं. रोज चार वाक्यं मोठ्याने, न बघता. ‘पुण्या’च्या जागी ‘मॉस्को’, ‘शाळा’ घालून बघा आणि कान काय म्हणतो ते ऐका.

मराठी काही ठिकाणी फसवतेही, ती ठिकाणं आधीच माहीत असलेली बरी. ‘शाळेत आहे’ आणि ‘शाळेत जाते’, दोन्हीकडे आपण ‘शाळेत’ म्हणतो. रशियन तिथे फरक करते: असण्यासाठी फ श्कोल्ये, जाण्यासाठी फ श्कोलू. म्हणून तुमच्या वहीत नमुन्याचं वाक्य शाळेचं न ठेवता पुण्याचं ठेवा, ‘पुण्यात’ आणि ‘पुण्याला’ हा फरक आपल्याकडेही शाबूत आहे. ‘वेळ नाही’ म्हणताना आपण ‘वेळ’ला हात लावत नाही, रशियन मात्र नसलेली वस्तू षष्ठीत टाकते: न्येत व्रेमिनि. ‘पुण्याहून’ आपल्याकडे पंचमी, त्यांच्याकडे पंचमी नाहीच, तिचं काम षष्ठी करते. आणि आकडे. दोन, तीन, चारनंतर एकवचनी षष्ठी, पाचपासून पुढे अनेकवचनी षष्ठी: द्वा द्न्या, पण प्यात द्न्येय. वर तुमच्या वयात ‘गोत’ हे एकवचन आलं ते एकतीसच्या शेवटी एक आहे म्हणून. याला मराठीत काहीच आधार नाही. हे घोकावंच लागतं. तुम्ही हिशेबाचं काम करता, दिवसभरात समोर येणारे आकडे मनातल्या मनात रुबलमध्ये म्हणत चला, महिन्याभरात बसेल.

आता ‘जाणे’. ते तुम्हाला उमगलेलं नाही, कारण पुस्तकाने ते बहुधा एका मोठ्या आकृतीत, बाणांसकट शिकवलं आहे. दोन प्रश्न विचारायचे, बस. पायी की वाहनाने? आणि एकाच दिशेने चाललेय, की जाते-येते? आत्ता पायी चाललेय तर इदू. रोज पायी जाते-येते तर खझू. आत्ता मेट्रोत बसून चाललेय तर येदू. रोज मेट्रोने जाते-येते तर येझू. तुम्ही कर्वेनगरहून येरवड्याला जाता, बहुधा नळस्टॉप किंवा गरवारेला मेट्रो पकडत असाल. तिथपर्यंत चालताना ‘इदू’ म्हणा, गाडी सुटली की ‘येदू’ म्हणा. खरोखर म्हणा, ओठ हलवून.

भूतकाळात तर मराठी इतकी उपयोगी पडते, की कुठल्याच पुस्तकात हे का नाही याचं मला वाईट वाटतं. ‘आई दुकानात गेली आहे’ म्हणजे ती अजून आलेली नाही. ‘आई दुकानात गेली होती’ म्हणजे जाऊन आली. हाच फरक रशियनमध्ये ‘मामा पश्ला व मगझीन’ आणि ‘मामा खदीला व मगझीन’ यांत आहे. ‘पश्ला’ निघून गेली, ‘खदीला’ जाऊन आली. वाक्य बोलण्याआधी मराठीत स्वतःला विचारा, ‘गेली आहे’ की ‘गेली होती’? उत्तर मिळालं की क्रियापद मिळालं. सुरुवातीच्या पातळीला या दोघींच्या पलीकडे जायची घाई करू नका. उपसर्ग लावलेली बाकीची क्रियापदं वाचता वाचता येतील.

पूर्ण आणि अपूर्ण क्रियापदांच्या जोड्यांनाही हीच किल्ली बऱ्याच अंशी लागते. ‘संध्याकाळभर वाचत होते’ म्हणजे चिताला. ‘वाचून काढलं’ म्हणजे प्रचिताला. पूर्ण क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो, त्याचं वर्तमानासारखं दिसणारं रूप भविष्य सांगतं, हे ऐकून मुलं गोंधळतात. पण ‘थांब, पत्र लिहून टाकते’ असं म्हणताना आपण काय करतो? रूप वर्तमानाचं आणि अर्थ पुढचा. ‘नपिशू’ तसंच. एक मात्र सांभाळा. ‘हे पुस्तक वाचलंय का?’ असं नुसतं विचारायचं असेल तर रशियन माणूस अपूर्ण क्रियापद वापरतो, पुस्तक पुरं वाचून झालेलं असलं तरी. त्याला अनुभव विचारायचा असतो, काम संपलं का ते नाही. आणि ‘न्ये चिताला’ म्हणजे वाचलंच नाही, ‘न्ये प्रचिताला’ म्हणजे वाचायला घेतलं होतं पण पुरं झालं नाही. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

ऐकण्याची अडचण वेगळी आहे आणि ती आपल्या मराठीमुळे थोडी वाढते. आपण लिहितो तसं बोलतो, म्हणून रशियनही लिहिलेली दिसते तशी मनात वाचतो. पुस्तकात ‘मोलोको’ दिसलं, तुम्ही ‘मोलोको’ लक्षात ठेवलं. बोलणारा ‘मलाको’ म्हणतो. ‘खोरोशो’ लिहितात, ‘खराशो’ म्हणतात. आघात ज्या स्वरावर असेल तो स्वर लांब आणि स्वच्छ येतो, बाकीचे विरघळतात, आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे जातो. म्हणजे तुम्हाला शब्द येत नाहीत असं नाही, ते तुमच्या मनात दुसऱ्याच आवाजात साठवलेले आहेत. त्यात आघात एका शब्दातही जागा बदलतो: ‘गोरदा’ म्हणजे शहराचा, ‘गरदा’ म्हणजे शहरं, लिहायला दोन्ही एकच. आणि मोठ्यांसाठी छापलेल्या मजकुरात आघाताची खूण नसते.

यावर उपाय आहे, जरा कंटाळवाणा पण खात्रीचा. नवे शब्द महिनाभर बंद. जे येतात तेच पुन्हा कानाने शिका. विक्शनरी या इंटरनेटवरच्या शब्दकोशात किंवा ग्रामोता या रशियन संकेतस्थळावर शब्दाचा आघात मिळतो. वहीतल्या प्रत्येक शब्दावर लाल पेनने खूण करा आणि ध्वनिफीत लावून तिच्यामागोमाग म्हणा. ऐकायला लांबलचक बातम्या घेऊ नका. मॉस्को मेट्रोच्या उद्घोषणा घ्या, इंटरनेटवर भरपूर मिळतात. ‘अस्तरोझ्ना, द्वेरी झक्रिवायुत्सा’: सांभाळा, दारं बंद होत आहेत. मग ‘पुढचं स्थानक’ आणि स्थानकाचं नाव. तीच दोन वाक्यं दर स्थानकाला, स्वच्छ उच्चारात, आणि त्यात पाच-सहा आघात, एक आत्मवाचक क्रियापद, एक विशेषण. तिथल्या उभ्या-आडव्या मार्गांवर शहराच्या मध्याकडे जाताना पुरुषाचा आवाज असतो आणि मध्यापासून दूर जाताना बाईचा. तुम्ही रोज मेट्रोत बसताच, कानात हे लावा. वीस वेळा ऐकल्यावर शब्द सुटे होऊन ऐकू येतील, आणि ते सुटे झाल्याचा जो आनंद असतो त्यावर पुढचे सहा महिने निघतात.

वाचनही आत्ताच सुरू करा, ‘कधीतरी’वर ढकलू नका. आजोबांच्या पुस्तकांतली जी गोष्ट तुम्हाला पाठ आहे तिचंच रशियन मूळ शोधा. गोष्ट माहीत असली की शब्दकोश फार लागत नाही. लोककथा सर्वांत बऱ्या. म्हाताऱ्याने लावलेला सलगम इतका मोठा होतो की उपटता उपटत नाही, मग म्हातारी, नात, कुत्री, मांजर आणि शेवटी उंदीर एकमेकांना धरून ओढतात, ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. तिच्यात प्रत्येक फेरीला एक नाव वाढतं आणि ज्याला धरलं त्याचं नाव द्वितीयेत येतं: रेप्कू, देत्कू, बाप्कू, व्नूच्कू. ‘आ’ने संपणाऱ्या नामांची द्वितीया ‘ऊ’त जाते, हे ती गोष्ट चार वेळा मोठ्याने वाचली की आयुष्यभर विसरत नाही. रशियन मुलं ती बोलायला लागतानाच ऐकतात.

बोलायला विषय हवा असतो, आणि ‘माझं कुटुंब’, ‘माझी खोली’ यांचा तुम्हाला एव्हाना वीट आला असेल. मी एक सुचवते. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात होर्मुझहून जहाजाने आपल्या चौलला उतरला, तिथून घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथे राहिला. विकायला त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन म्हणाला. शेवटी मध्यस्थी होऊन घोडा परत मिळाला. मायदेशी परतताना स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच निकितिन वारला. पुणे जिल्ह्यातली ही गोष्ट रशियनमध्ये सांगायला तुमच्याजवळचं सगळं सामान लागतं: जहाजाने येणं, पायी जाणं, बरोबर आणणं, घेणं, परत देणं, ‘चौलला’ आणि ‘जुन्नरमध्ये’, आणि सजीव द्वितीयेतला घोडा: खान व्झ्याल कन्या. आधी सहा वाक्यांत सांगा. पुढच्या आठवड्यात दहा. फोनवर रेकॉर्ड करून शिक्षकांना ऐकवा.

तासाभरात हे सगळं कसं बसवायचं? जाता-येता ऐकणं, त्याला वेगळा वेळ लागत नाही. घरी वीस-पंचवीस मिनिटं वहीतली वाक्यं मोठ्याने, उरलेला वेळ वाचन. एखाद्या दिवशी दमला असाल तर वही सोडा, ऐकणं सोडू नका. आणि आठवड्यातून एकदा माणसाशी बोला. वर्गात जे उरले आहेत त्यांच्यातल्या एकीला धरा. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथे रशियन शिकणारी मुलं भेटतील. रशियाहून वैद्यकीय पदवी घेऊन आलेले डॉक्टर पुण्यात आहेत; त्यांना तिथे रुग्णांशी रशियनमध्येच बोलावं लागलेलं असतं आणि ती भाषा विसरू नये असं त्यांनाही वाटत असतं. ओळखीत कुणी आहे का विचारून बघा. मुंबईत पेडर रोडला रशियन हाऊस आहे, तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

आईंना सांगा, रशियाला जायचं नाही, आजोबांच्या गोष्टी वाचायच्या आहेत. मला तर हे कारण नोकरीच्या कारणापेक्षा टिकाऊ वाटतं. त्यांना गोष्टी आठवत असतील तर एखादी त्यांच्याकडून मराठीत ऐका आणि तुम्ही रशियनमध्ये सांगा. त्यांना कळलं नाही तरी तुमचं बोलणं होईल.

परीक्षेला बसा. रशियाची जी प्रमाणित भाषापरीक्षा आहे तिच्या पहिल्या पायरीला ७८० शब्दांचा साठा धरलेला आहे आणि दुसरीला १३००. प्रमाणपत्र अभ्यासक्रम चांगल्या मार्कांनी केलेली व्यक्ती या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते, म्हणजे तुम्ही जिथे असायला हवं तिथेच आहात. तुमच्या वर्गाच्या परीक्षेत लेखी भाग तक्त्यांवरही निघून जाईल. तोंडीला वेळ मागून घ्यायला कचरू नका, ‘मिनूत्कू’ म्हणजे ‘एक मिनिट हं’, हे रशियन माणूसही दिवसातून दहादा म्हणतो. शेवट चुकला तरी वाक्य तोडू नका, पुरं करा. परीक्षकाला तुम्ही काय म्हणताय ते कळतं. फॉर्मची मुदत शिक्षकांना विचारून याच आठवड्यात तो भरून टाका, आणि महिनाभराने वहीतली दहा वाक्यं मला लिहून पाठवा. मी बघून देईन.